चूक झाली की केली?

परवा संध्याकाळी दादरला लोकलमध्ये चौथी सीट, म्हणजे तिघांच्या बाकावर टेकण्यापुरती जागा, मिळाली आणि त्या आनंदात मी बिघडलो. समोरच्या काकांनी विचारलं, "कर्जत ना ही?" मी म्हणालो, "कर्जतच." हा 'च' मला नडला. नुसतं "असावी" म्हटलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

प्लॅटफॉर्मवरच्या इंडिकेटरवर कर्जतच्या गाडीला 'एस' आणि कसाऱ्याच्या गाडीला 'एन', हे मला वीस वर्षं पाठ आहे. परवा मी 'एन' पाहिला आणि 'एस' वाचला.

कल्याण सुटलं. "पुढील स्टेशन, शहाड." यायला हवं होतं विठ्ठलवाडी. काका डोळे मिटून होते. हळूच सटकावं म्हणून मी उठलोही, खोटं कशाला बोलू? काकांनी डोळे न उघडताच माझ्या बॅगेचा पट्टा धरला.

"काका, जरा चूक झाली."

"कोणाची?"

"म्हणजे, ही कसारा आहे."

"ते ऐकलं मी. चूक कोणाची झाली?"

"झाली हो. गर्दीत होतं असं."

"पाऊस होतो. सर्दी होते. चूक करावी लागते." आता त्यांनी डोळे उघडले. "तीस वर्षं ऑडिटला होतो मी. प्रत्येक फाइलवर 'नजरचुकीने राहून गेले'. नजर कोणाची, ते एकानेही लिहिलं नाही. बोला."

"मी केली."

"मोठ्याने. त्या खिडकीतल्यांनीही तुमच्याच भरवशावर बूट काढलेत."

खिडकीतल्यांनी खाली पाहिलं. खरंच काढले होते.

"मी चूक केली!" मी अख्ख्या डब्याला सांगितलं. दारातल्या एका पोराने टाळ्या वाजवल्या. शहाडला आम्ही तिघे उतरलो, त्यांतला एक बुटांच्या नाड्या लोंबकळवत.

परतीच्या गाडीची वाट बघताना मला भोर घाट आठवत होता. १८६३ साली तो रेल्वेमार्ग सुरू झाला तेव्हा वाटेत रिव्हर्सिंग स्टेशन होतं. गाडी तिथे थांबायची, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडायचे आणि ती उलट्या दिशेने उरलेला घाट चढायची. तिला कोणी "मोठ्याने बोल" म्हटल्याचं वाचनात नाही.

आणि खरं सांगायचं तर माझा राग अजून गेलेला नाही. इंडिकेटर काय माझ्या एकट्यासाठी लावलाय? काकांना चष्मा होता, चांगला जाड होता. गुपचूप सटकलो असतो तर दोन शिव्या हासडून विसरले असते. कबूल केलं, तर माझा ताबाच घेतला! आपल्याकडे माफी मागणाऱ्याला माफी मिळत नाही, शिकवणी मिळते. वर कल्याणपर्यंत त्यांची पिशवी मी धरायची, हे कधी ठरलं तेही मला कळलं नाही. पिशवीत नारळ होते. पाच तरी असावेत.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला.

"हो गं, उशीर होतोय. काय सांगू, चुकून कसाऱ्याची गाडी लागली."

मी पिशवी खाली ठेवली. "कोणाकडून लागली, काका?"

त्यांनी फोनवर तळहात दाबला.

"घरी ऑडिट नसतं," ते म्हणाले. "पिशवी उचला, गाडी आली."