फोटोच्या दिवशी मूल कसं लपवावं

चिठ्ठी साधी असते. येत्या गुरुवारी वर्गाचा फोटो, पूर्ण गणवेश, पांढरे बूट, ओळखपत्र, केस नीट विंचरलेले. मूल पाठवा असं त्यात कुठंही म्हटलेलं नसतं. नवख्या पालकांच्या हे ध्यानात येत नाही. ते आपलं रोजचंच मूल धुऊन-पुसून पाठवून देतात आणि पंधरा दिवसांनी पाकीट उघडून कपाळाला हात लावतात. रोजचं मूल म्हणजे बाहीला नाक पुसणारं, टायचं इलॅस्टिक चावून चावून लांब केलेलं. त्या गुरुवारी ते घरातच कुठंतरी लपवायचं आणि त्याच्या जागी दुसरं पाठवायचं. ते कसं तयार करायचं, एवढंच इथं सांगते. माझा अधिकार विचाराल तर दोन पोरं आणि पाच वर्गफोटो.

दातांपासून सुरुवात करा. पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, म्हणजे बरोबर पहिलीच्या फोटोला. हलणारा दात आठवडाभर सांभाळा. चिक्की, पेरू, ऊस बंद. घट्ट असेल तर निर्धास्त राहू नका, घट्ट दात बुधवारी रात्री पडतो. मग दुसऱ्या दिवशी तोंड मिटून हसायचं शिकवा. मूल तोंड मिटून हसायला लागलं की ते काहीतरी चोरून खाल्ल्यासारखं दिसतं, पण त्याला इलाज नाही.

बेळगावात फोटोला नेमका पाऊसच का सापडतो, हे कोडं मी सोडवलंय. जूनच्या तोंडावर शाळा भरते, ओळखपत्रं छापायची असतात, म्हणून फोटोवाला जुलैत येतो. आणि जुलैत इथं ऊन ही ऐकीव गोष्ट असते. गणवेशाचे दोन जोड असतात. एक अंगावर, दुसरा चार दिवस दोरीवर. गुरुवारी लागतो तो दोरीवरचा. तो बुधवारी रात्री फ्रिजच्या मागं पसरा, तिथं बरी ऊब असते. उरलेलं काम इस्त्रीचं. ओलसर कॉलरवर इस्त्री ठेवली की चुर्र होतं आणि कुबट वाफ तोंडावर येते. त्यावर पावडर मारा. फोटोत वास येत नाही, ही एक गोष्ट आपल्या बाजूची. पावडर तोंडाला लावाल तेव्हा मानेला विसरू नका. मागच्या वर्षी मी विसरले, तर डोकं एका पोराचं आणि मान दुसऱ्याच कुणाची तरी दिसत होती.

बूट. पांढरं पॉलिश ऐन वेळी संपलेलं असतं, म्हणून घरात खडू ठेवा. वडगाव-अनगोळच्या शिवाराकडून येणार असाल तर काळा चिखल लागेल, खानापूरकडून आलात तर तांबडा, तेवढाच फरक. बूट पिशवीत घालून न्यायचे आणि शाळेच्या पायरीवर चढवायचे. मी तसंच केलं. धाकट्यानं पायरीवरून थेट डबक्यात उडी मारली. “आई, बूट पोहतात काय बघायलो होतो.” पोर उंच असेल तर हा सगळा परिच्छेद तुम्हाला माफ आहे. बूट दिसतात ते फक्त पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेल्यांचे. मागच्या बाकावर उभ्या राहिलेल्या पोराचं कमरेखाली काहीही चालतं. आमच्या घराण्यात उंच कुणी नाही.

आता रिबन. हा भाग पुण्या-नाशकाकडच्या वाचकांनी सोडून दिला तरी चालेल. तिकडं रिबन ही रिबनच असते.

थोरलीच्या शाळेत लाल किंवा पिवळी रिबन चालते, तसं चिठ्ठीतच होतं. सकाळी सात वाजता लाल एकच सापडली. तिची जोडीदारीण रिक्षात गेलेली. वेळ नव्हता, म्हणून दुसऱ्या वेणीला गेल्या गॅदरिंगची पिवळी बांधली. एक लाल, एक पिवळी, पोरगी फुलपाखरासारखी दिसत होती. ओसरीवर सासरे चहा घेत बसलेले. त्यांनी बशी खाली ठेवली.

“बाळ, तुला आज कुठल्या मेळाव्याला धाडायल्यात गं?”

मला उजेड पडायला अर्धा मिनिट लागला. लाल-पिवळा म्हणजे कन्नड झेंड्याचे रंग. 1 नोव्हेंबरला एका रस्त्यानं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक जाते आणि दुसऱ्या रस्त्यानं, बेळगाव महाराष्ट्रात हवं म्हणणाऱ्यांची, काळ्या दिवसाची फेरी. सासरे इतकी वर्षं दुसऱ्या रस्त्यानं गेलेत. त्यांच्या ट्रंकेत काळी फीत इस्त्री करून ठेवलेली असते. आमच्या गणवेशाला तेवढी इस्त्री कधी मिळालेली नाही. मी पिवळी सोडली. घरात उरलेली जोडी शिवजयंतीची, भगवी. ती लावावी तर शाळेत बाई विचारणार, आज काय आहे? हिरवीचा विचार मनात आला आणि गेला. शेवटी माझ्या साडीच्या खोक्याला बांधून आलेली काळी सॅटिनची पट्टी मिळाली, ती कापून दोन केल्या. सासरे इतके खूश झाले की त्यांनी नातीच्या हातावर दहा रुपये ठेवले. साडेनऊला शाळेतून फोन. बाई हळू आवाजात विचारत होत्या, “घरी सगळं ठीक आहे ना? कुणी गेलं वगैरे नाही ना?”

सल्ला असा, की केस कापून टाका.

सासऱ्यांचं फोटोबद्दल एकूणच मत कडक आहे, आणि त्याला कारण आहे. ओसरीवर त्यांचा स्वतःचा वर्गफोटो टांगलेला आहे. काढला 1956 च्या ऑक्टोबरात, तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात. प्रती घरी आल्या नोव्हेंबरात, तोवर गाव म्हैसूर राज्यात गेलेलं. त्या फोटोत एकही पोर हसत नाही. तेव्हा फोटोत हसायची रीत नव्हती एवढंच असणार, पण सासरे पाहुण्यांना सांगतात, “आम्हाला तेव्हाच कळलं होतं.” म्हणून प्रती लवकर द्यायला सांगा. पुढं म्हैसूरचं कर्नाटक झालं 1973 ला, बेळगावचं बेळगावी झालं 2014 ला, आणि दोन्ही वेळा तारीख तीच, 1 नोव्हेंबर. फोटोत पुढं जी पाटी धरतात तिच्यावर शहाण्या बाई इयत्ता, तुकडी आणि साल लिहितात. गावाचं नाव लिहायच्या भानगडीत पडत नाहीत.

नावावरून आठवलं. फोटोखाली पोरांची नावं छापतात, इंग्रजीत. तुम्ही हौसेनं ‘ज्ञ’चं नाव ठेवलं असेल तर आता भोगा. आमची थोरली आधार कार्डावर डी-एन-वाय आहे, शाळेच्या वहीत जे-एन आहे आणि रिक्षाच्या यादीत जी-वाय. फोटोखाली काय आलं ते सांगत नाही. वाचून दाखवलं की ती अजून रडते.

घरातून वेळेवर निघालात तरी टिळकवाडीच्या रेल्वे गेटाचा हिशेब धरा. गाडी जाईपर्यंत पोर स्कूटरवर पुढं उभं राहून वारा खातं. तेल लावून चप्प बसवलेला भांग तेवढ्यात उठून उभा राहतो. काळजी नको, शाळेत कंगवा आहे. एकच आहे. फोटोवाल्याचा मदतनीस तो चाळीस डोक्यांतून न धुता फिरवतो. फोटोची प्रत यायला पंधरा दिवस लागतात, उवा त्याच दिवशी येतात.

खुद्द फोटोचा प्रसंग मी गेटाच्या गजांतून पाहिलाय, म्हणून खात्रीनं सांगते. पोरं घरी मराठी, शाळा इंग्रजी, फोटोवाला कन्नड. तो म्हणाला, “इल्ली नोडी!” बाई म्हणाल्या, “लूक हिअर!” कडेला उभे शिपाईमामा म्हणाले, “हिकडं बघा रे!” पोरं आज्ञाधारक. तिघांकडंही बघितलं, आळीपाळीनं.

मग हसवायची वेळ आली. इंग्रज लोक यासाठी ‘चीज’ म्हणतात, त्याला अर्थ आहे. ‘ई’ म्हणताना ओठ आपोआप कानांकडं ओढले जातात. आमच्या फोटोवाल्याला मात्र गावाचा अभिमान. तो ओरडला, “सगळे म्हणा, कुंदा!” चाळीस पोरांनी एकदम ‘कुं’ म्हटलं आणि त्यानं बटण दाबलं. आरशासमोर ‘कुं’ म्हणून बघा, मग कळेल काय झालं ते. चाळीस पोरं मिळून एखाद्या दिव्यावर फुंकर मारत असावीत असा तो फोटो. कुंद्यासारखी मिठाई दुसरी नाही, माझं माहेर-सासर दोन्ही त्याच्यावर वाढलंय, पण हसायला तो उपयोगाचा नाही. घरी सराव ‘इडली’चा घ्या. सुरुवातीला ई, शेवटीही ई. फोटोवाल्याचं बोट मागंपुढं झालं तरी हसू सापडतं.

डोळे मिटण्याचं काय, असं विचाराल. ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी याचं चक्क गणित मांडलं आणि 2006 साली त्यांना त्याबद्दल गमतीचं नोबेल, म्हणजे इग नोबेल मिळालं. उजेड चांगला असेल तर माणसांच्या संख्येला तिनानं भागा, कमी असेल तर दोनानं. तेवढे फोटो काढले की एखाद्यात तरी सगळ्यांचे डोळे उघडे सापडतात. नियम विसाच्या आतल्या गटाचा आहे. चाळीस पोरं, जुलैतला उजेड आणि हेडबाईंना दहा वाजता मीटिंग, एवढं धरून गणित त्यांना करता आलं नसतं. आमच्याकडं तीन फोटो काढतात. तिसऱ्यात हेडबाईंचे डोळे उघडे होते, तोच छापला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फोटोच्या वेळी पालकांनी शाळेत थांबू नये अशी सूचना असते. ती पाळायची नाही. गेटाबाहेर थांबायचं. ऑफिसला उशीर होऊ दे, भात करपू दे. आत चाळीस पोरांत आपल्याला हवं ते मूल उभं आहे की लपवून ठेवलेलं परत आलंय, हे कोण बघणार? त्या दिवशी गेटाला आम्ही सहा-सात जणी होतो, छत्र्या घेऊन, गजांना नाक लावून. कुणी आपल्या पोराला कॉलर नीट कर म्हणून खूण करतेय, कुणी नाक पूस म्हणून. शेजारच्या वहिनी ‘ताठ बस’ म्हणून स्वतःच इतक्या ताठ झाल्या की छत्री मागच्या रिक्षावाल्याच्या डोळ्यात गेली. माझा धाकटा पहिल्या रांगेत, गाल फुगवून बसलेला. मी “इडली, इडली!” म्हटलं, पावसात ऐकू गेलं नाही. मग छत्री खांद्यात अडकवली, दोन्ही तर्जन्या तोंडाच्या कोपऱ्यांत घातल्या आणि ताणून दाखवलं, असं हस. त्यानं मला पाहिलं. चेहरा खुलला. मी समाधानानं घरी गेले.

पंधरा दिवसांनी पाकीट आलं. या पाकिटाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. त्यावर ‘ऐच्छिक’ असं लिहिलेलं असतं. आत मोठा ग्रुप फोटो, आठ पासपोर्ट, एक कीचेन, एक कॅलेंडर आणि पोराचं तोंड छापलेला मग. नको असेल तर परत करा, सोमवारपर्यंत. स्वतःच्या पोराचं तोंड असलेला मग परत करणारी आई मी अजून पाहिलेली नाही. फोटोवाल्यानंही पाहिलेली नसावी, नाहीतर त्यानं आधी विचारून छापला असता. पाकीट आजी-आजोबांसमोर उघडू नका, एवढाच यावर उपाय आहे. आमच्याकडं ते सासऱ्यांनीच उघडलं.

ग्रुप फोटोत बहुतेक पोरं कॅमेऱ्याकडं बघतायत. सात जणं बघत नाहीत, ती डावीकडं, गेटाकडं बघतायत. एकाचा हात कॉलरला. एकजण मनापासून नाक पुसतोय. वहिनींचा मुलगा इतका ताठ की मागच्याचं तोंड झाकलं गेलंय. आणि पहिल्या रांगेत आमचा, चिखलाचे बूट पुढं करून, दोन्ही तर्जन्या तोंडाच्या कोपऱ्यांत घालून, मी दाखवलं होतं अगदी तस्सं.

सासऱ्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितलं. “हा एकटाच सांगितलेलं ऐकायलाय बघ,” म्हणाले आणि पैसे काढायला आत गेले.

मगवरही तोच फोटो आहे, मोठा करून. सासरे रोज सकाळी त्यातूनच चहा घेतात, बोटांची बाजू माझ्याकडं करून.