टीएलएसचं व्हर्जन कुणी ठरवायचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. उत्तराला चार दिवस लागले, कारण त्याच दिवशी लिहायला बसलो असतो तर नको ते लिहिलं गेलं असतं.

ज्यांनी तो लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टीएलएस म्हणजे इंटरनेटवरून जाणारी माहिती कुलूपबंद करणारी पद्धत; तिची १.० ते १.३ अशी व्हर्जनं आहेत आणि जुनी व्हर्जनं दुबळी. फाइल पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टीएलएसचं कोणतं व्हर्जन वापरायचं ते ठरवायची सोय वापरणाऱ्याकडे राहू द्यावी, असं मी म्हटलं होतं. मूळ सेटिंग सुरक्षितच ठेवा, पण ते बदलायची वाट बुजवू नका. त्यावर तुम्ही म्हणता की कर्ल या फाइल आणण्या-पाठवण्याच्या कमांडच्या एका पर्यायाचा अर्थ मी चुकीचा दिला, पूडल प्रकरणातून (टीएलएसच्या आधीच्या एसएसएल ३.० वरचा हल्ला) मी काहीच शिकलो नाही, आणि वायरगार्ड या व्हीपीएनमध्ये (दोन मशीनमधली खाजगी, कुलूपबंद जोडणी) अशी निवड नसूनही त्याचं काही अडत नाही. शेवटी हे वाक्य: ‘ज्यांनी आयुष्यात कधी सर्व्हर सांभाळला नाही, त्यांनी लोकांच्या सुरक्षेशी खेळणारे सल्ले देऊ नयेत.’

आधी माझी चूक. कर्लला ‘टीएलएसव्ही१.२’ हा पर्याय दिला की तो ‘फक्त १.२’ वापरतो, असं मी लिहिलं होतं. त्याचा अर्थ ‘किमान १.२’ असा आहे. वरची मर्यादा घालायला ‘टीएलएस-मॅक्स’ हा वेगळा पर्याय २०१७ मध्ये आला. जुन्या कर्लच्या माहितीपानावर मी दिला तोच अर्थ छापलेला होता आणि प्रत्यक्षातलं वागणं खाली टीएलएसचं काम करणारी कोणती लायब्ररी (तयार कोड) आहे त्यावर बदलायचं, म्हणून ती सवय राहिली. पण आज तुमचंच बरोबर आहे. लेखात दुरुस्ती केली आहे. लेखाचा मूळ मुद्दा त्या ओळीवर उभा नव्हता, त्यामुळे हा विषय माझ्यापुरता संपला.

आता ते वाक्य. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. मग मी आयुष्यात काय केलं आणि काय नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं? ऑक्टोबर २०१४ मध्ये पूडलची बातमी आली तेव्हा अकरा सर्व्हर माझ्या अंगावर होते. दोन रात्री जागून प्रत्येकावर एसएसएल ३.० हाताने बंद केलं आहे. कुठलं जुनं मशीन तुटतं हे बघायला सकाळी सहापासून फोनपाशी बसलो आहे. हे मी लेखात लिहिलं नाही, कारण तिथे त्याची गरज नव्हती. तुम्ही ते लिहायला लावलंत.

आणि ‘खेळणारे’ हा शब्द. त्याबद्दल एक प्रसंग सांगतो, मग खेळ कुणी मांडला ते ठरवा.

२०१८ च्या गळीत हंगामात एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं संगणकाचं काम माझ्याकडे होतं. काट्याच्या खोलीतलं मशीन विंडोज एक्सपीवर चालायचं. काट्याच्या डिस्प्लेशी बोलणारं कार्ड फक्त त्यावरच चालत होतं, आणि एक्सपीची स्वतःची धाव टीएलएस १.० पर्यंतच. दर रात्री त्या मशीनवरून दिवसभराच्या वजनपावत्या मुख्य ऑफिसच्या सर्व्हरवर जायच्या. डिसेंबरात सर्व्हरवर त्या फाइल घेणाऱ्या सॉफ्टवेअरचं अपडेट आलं. त्यात किमान व्हर्जन १.२ केलेलं होतं आणि ते बदलण्याचं सेटिंगच काढून टाकलेलं. पहिल्याच रात्री पावत्या अडकल्या. ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचं उत्तर एका ओळीचं: मशीन बदला. मशीन बदलायचं म्हणजे कार्ड बदलायचं, डिस्प्ले बदलायचा, काट्याची पुन्हा पडताळणी करून घ्यायची. तेही बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असताना, भर हंगामात.

मग काय झालं असेल? तिथल्या माणसांनी साधं एफटीपी, म्हणजे फाइल पाठवायची जुनी उघडी पद्धत, चालू केलं. एन्क्रिप्शन शून्य. पासवर्ड उघडा, शेतकऱ्यांची नावं उघडी, खातेनंबर उघडे. मला कळेपर्यंत तीन आठवडे गेले होते. ते सेटिंग जागेवर असतं तर त्या एका मशीनपुरतं १.० चालू ठेवून हंगाम संपल्यावर बंद करता आलं असतं. टीएलएस १.० आणि १.१ मोडीत काढल्याचं मार्च २०२१ च्या आरएफसी ८९९६ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारी कागदपत्रं) स्पष्ट लिहिलं आहे, आणि मलाही १.० चा पुळका नाही. पण दुबळं कुलूप काढून घेतलं तर माणूस नवं कुलूप आणतोच असं नाही. दार उघडं टाकून कामाला जातो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

फायरफॉक्सचंच बघा. मार्च २०२० मध्ये त्यांनी १.० आणि १.१ बंद केलं, आणि थोड्याच दिवसांत तात्पुरतं परत चालू केलं. कोविडची माहिती देणाऱ्या काही सरकारी साइट लोकांना उघडेनात, म्हणून. त्यांनाही तुम्ही सुरक्षेशी खेळणारे म्हणणार का?

पूडलचं तुम्ही फार ओझरतं वाचलंय असं दिसतं. तिथे वापरणाऱ्याने काहीच निवडलेलं नव्हतं. जोडणी फसली की ब्राउझर आपणहून खालच्या व्हर्जनला उतरत होता, आणि हल्लेखोर मुद्दाम जोडणी फसवत होता. एसएसएल ३.० मधली उणीव होतीच, पण तिथवर नेणारा दोष त्या मुकाट उतरण्यात होता. २०१५ चं आरएफसी ७५०७ त्यावरच उपाय करतं. टीएलएस १.३ मध्येही सर्व्हर खालच्या व्हर्जनला उतरला तर जोडणीच्या सुरुवातीला पाठवायच्या आपल्या यादृच्छिक आकड्यात तशी खूण ठेवतो, म्हणजे समोरच्याला फसवणूक ओळखता येते. एका माणसाने एका पत्त्यासाठी, माहीत असताना, किमान व्हर्जन खाली आणणं ही वेगळी गोष्ट आहे. हा फरक तुम्हाला दिसला नाही की पाहायचा नव्हता, मला कळत नाही.

वायरगार्डची तुलना इथे लागू होत नाही. त्यात दोन्ही टोकं सहसा आपलीच असतात. काट्याच्या खोलीतलं टोक माझं नव्हतं.

निवड दिली की कुणीतरी आळसाने १.० लावून विसरून जाईल, असंही तुम्ही लिहिलंय. जाईल कुणीतरी. त्यासाठी ठळक इशारा दाखवा, मुदत घाला, लॉगमध्ये नोंदवा.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. दुरुस्ती लेखाच्या सुरुवातीलाच, तारखेसह आहे. पुढे लिहिणार असाल तर त्या डिसेंबरात, त्या काट्यावर, सेटिंग नसताना तुम्ही काय केलं असतं ते लिहा. मी किती सर्व्हर सांभाळले हे पुन्हा काढू नका.