दुखत होतं डावीकडे

आज सकाळी एका डॉक्टरांनी माझा व्यवस्थित पचका केला. दुपारपर्यंत मी त्यांच्यावर चिडून होतो. आता संध्याकाळ झालीय आणि नक्की कुणावर चिडावं तेच ठरत नाहीये, म्हणून इथे लिहायला बसलोय. पोस्ट लांबणार आहे, ज्यांना कामं आहेत त्यांनी सुटावं.

लेक महिन्याभरात घर सोडून शिकायला जातेय. हे तुम्हा सगळ्यांना पाठ असेल, कारण गेले तीन महिने मी दुसरं काही बोलतच नाहीये. दोन दिवसांपासून तिचं पोट दुखत होतं. जायच्या आधी एकदा दाखवून टाकू, म्हणून गेलो. काउंटरवर फॉर्म मिळाला तो मीच घेतला. पेन खिशात होतंच. नाव, जन्मतारीख, रक्तगट, कुठल्या औषधाची ॲलर्जी, सगळं मीच भरलं. ती भिंतीला टेकून मोबाईल बघत उभी. आत गेलो. डॉक्टरांनी तिच्याकडे बघून विचारलं, "काय होतंय?" तिने माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "पोटात दुखतंय. उजवीकडे, खाली. परवापासून."

"जेवण?"

"कमीच आहे."

"झोप?"

"कसली झोप, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागी असते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि मला विचारलं, "पोट तुमचं दुखतंय का?"

मी हसलो. अशा वेळी माणूस हसतोच. मग ते म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर बसा."

बाहेर बसलो. आत काय बोलणं झालं ते मला अजून कळलेलं नाही. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात सोनोग्राफीची चिठ्ठी होती. "साधंच असेल म्हणाले, पण बघून घेऊ." लिफ्टमध्ये शिरलो, दार बंद झालं आणि ती म्हणाली, "बाबा, डावीकडे दुखतंय. उजवीकडे नाही."

"अगं मग बोलली का नाहीस?"

"तू बोलत होतास ना."

आता मला सांगा. अपेंडिक्स उजवीकडे असतं, हे माझं एकूण वैद्यकीय ज्ञान. रात्रभर माझ्या डोक्यात तेच फिरत होतं. म्हणून माझ्या तोंडातून उजवीकडे निघालं. दुखणं तिचं आणि जागा माझ्या भीतीने ठरवलेली!

घरी येऊन मोबाईल उघडतो तर पालकांच्या ग्रुपवर यादी. यंदा ज्यांची मुलं बाहेर शिकायला निघालीयत अशा आम्हा आईबापांचा ग्रुप आहे. मुलांचा नाही, आमचा. कुणीतरी पीडीएफ टाकलीय, मुलांसोबत काय काय द्यायचं त्याची. ११२ वस्तू. हँगर, उशीचे तीन अभ्रे, दोन प्रकारच्या छत्र्या, आणि ६८ नंबरला सुईदोरा, कंसात 'ओवून ठेवलेला'. ओवून ठेवलेला! म्हणजे अठरा वर्षांचं पोर इंजिनियर होणार, वकील होणार, पण सुईत दोरा घालायचा तर तो आईने आधीच घालून द्यायला हवा. खाली चाळीस जणांचे हात जोडलेले. 'खूप उपयुक्त, धन्यवाद.'

माझं टाळकं सटकलं. मान्य, बादली नसली की पहिल्या दिवशी पंचाईत होते. पण बादली तिथे मिळते. जगात जिथे विद्यापीठ आहे तिथे बादलीचं दुकान आहे. जे तिथे मिळत नाही ते या ११२ मध्ये एकही नाही. फोन उचलून 'मला अमुक हवंय' म्हणता येणं, डॉक्टरांना 'नाही, डावीकडे' म्हणता येणं, हे कुठल्या बॅगेत भरणार?

आपण सगळे एका माळेचे मणी आहोत. पोरं परावलंबी व्हावीत असं आपल्यापैकी कुणालाच वाटत नाही. दहा वेळा ते पोस्टमध्ये लिहितो आपण. आणि तरी प्रवेशाचा फॉर्म कोण भरतं? माझ्या घरचं सांगतो. विद्यापीठाच्या पोर्टलचा पासवर्ड माझ्या डायरीत आहे. तिच्या बँक खात्याला नंबर माझा जोडलेला. ईमेल तिचा, पण तो विसरला तर परत मिळवायचा कोड येतो माझ्या फोनवर. आज दुपारी कागद घेऊन बसलो आणि मोजलं. नऊ ठिकाणी ती 'ती' असल्याचा पुरावा माझ्या खिशात आहे. पुढच्या महिन्यात ती तिकडे फी भरायला उभी राहणार, ओटीपी इकडे माझ्या फोनवर येणार, मी मीटिंगमध्ये असणार, फोन सायलेंटवर. तिच्या मागच्या रांगेने काय करायचं? बरं, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही हे मीच तिला लहानपणापासून शिकवलं, आणि आमचं अख्खं घर एकमेकांना ओटीपी ओरडून सांगण्यावर चालतं.

म्हणून आज चारपासून आम्ही दोघांनी बसून एकेक नंबर बदलला. म्हणजे तिने बदलला, मी शेजारी बसलो. दोनदा माझा हात माऊसकडे गेला. पासवर्डशिवाय दुसरी पडताळणी जिथे जिथे आहे तिथे बॅकअप कोड म्हणून आठ-दहा आकड्यांची यादी मिळते, ती कागदावर उतरवून पाकिटात ठेवायची. कारण पहिल्या सहामाहीत काय हरवेल तर फोन, आणि फोन गेला की आजकाल माणूस स्वतःच्याच घराबाहेर कुलपात अडकतो. हे मलाही आजच नीट कळलं. तिला आधीपासून माहीत होतं. "मग करून का नाही ठेवलंस?" तर म्हणे, "तूच सगळं सांभाळतोस ना."

परत तेच. तू बोलत होतास ना, तू सांभाळतोस ना. लिफ्टमधलं ते वाक्य आज दिवसभर पाठ सोडत नाहीये. त्यात तक्रार असती तर मी भांडलो असतो. तक्रार नव्हतीच. ट्रॅफिक होता म्हणून उशीर झाला, हे आपण ज्या आवाजात सांगतो त्या आवाजात ती म्हणाली.

पैशाचं तर विचारूच नका. मागच्या महिन्यात मी मोठ्या रुबाबात जाहीर केलं की यापुढे मागेल तेव्हा थोडे-थोडे मिळणार नाहीत. महिन्याची रक्कम एक तारखेला हातात, त्यात प्रवास, फोन, खाणं, हौसमौज सगळं बसवायचं. तिथे गेल्यावर संपण्यापेक्षा इथे संपलेले बरे, घरात निदान उपाशी तरी राहणार नाही. कल्पना उत्तम होती, अजूनही आहे. १७ तारखेला तिचे पैसे संपले. तिने तोंडातून शब्द काढला नाही. दोन दिवस चालत गेली-आली. १९ तारखेला कोणी गुपचूप तिच्या पर्समध्ये पैसे ठेवले असतील? बायको म्हणाली, "तुम्हीच ना?" मी म्हणालो, "पडले असतील कुठून तरी." आणि हा माणूस ग्रुपवरच्या सुईदोऱ्याला हसतोय.

दोन दिवस! अजून अकराच दिवस कळ काढायची होती. तेवढ्यात ती हिशोब शिकली असती, किंवा कुणाकडून उसने घेतले असते, मग उसन्याचाही हिशोब शिकली असती. उसन्यावरून आठवलं, हे मात्र मी तिला कागदावर करून दाखवलंय. कार्डावरची बाकी नाहीतर मोबाईलवरचं झटपट कर्ज, महिन्याला ३ टक्के ऐकायला काहीच वाटत नाही. बारा महिने चढू दिलं तर ३६ होत नाही, साडेबेचाळीसच्या वर जातं. तिने कॅल्क्युलेटरवर स्वतः बारा वेळा गुणून बघितलं आणि म्हणाली, "हे कायदेशीर आहे?" तेव्हा मी गप्प बसलो होतो, आणि गप्प बसून काही बिघडलं नव्हतं, याची मी इथे नोंद करतो.

औषधांचं काल झालं. घरात ताप आला की 'ती पांढरी गोळी दे' एवढंच तिला माहीत. नाव माहीत नाही, किती घ्यायच्या माहीत नाही. तिचा दोष नाही, गोळी कायम पाण्याच्या ग्लासासकट हातात आली. मग पाकीट तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, वाच. पॅरासिटामॉल, ५०० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाने दोन डोसांत निदान चार तास सोडायचे, २४ तासांत आठच्या वर गोळ्या जायला नकोत, म्हणजे ४ ग्रॅम. मग सर्दीच्या गोळ्यांचं पाकीट काढलं, तेही वाच. त्यातही पॅरासिटामॉल! तापाची वेगळी आणि सर्दीची वेगळी म्हणून दोन्ही घेत बसलं तर एकच औषध दुप्पट पोटात जातं, आणि सोसावं लागतं यकृताला. हे वाचून तिचे डोळे मोठे झाले. माझे त्याआधीच झाले होते, कारण मी स्वतः गेली वीस वर्षं दोन्ही घेतोय.

तिला काहीच येत नाही असं मात्र समजू नका, असं लिहिलं तर माझी धडगत नाही. कपड्यांवर रक्ताचा डाग पडला तर गार पाण्यातच धुवायचा, गरम पाण्याने पक्का बसतो, हे तिने मला शिकवलं. भाड्याच्या खोलीचा करार वाचताना अनामत रक्कम परत कधी मिळणार हे लिहिलेलंच नाही, ही चूक तिने पकडली, मी सही करायला निघालो होतो. येतं तिला. मी तिच्या आणि प्रश्नाच्या मध्ये उभा नसलो की येतं.

हे टाइप करताना राग उतरत चाललाय. मघाशी सकाळच्या डॉक्टरांबद्दल एक परिच्छेद लिहिला होता, तो काढून टाकला. जरा गोड बोलले असते तर चाललं असतं, एवढंच राहू देतो.

कुणीतरी खाली लिहिणारच की या वयात मेंदू पुरता तयार नसतो, पंचविशीपर्यंत घडत असतो. असेल. आमच्याकडे तर पन्नाशीतही घडताना दिसत नाही, म्हणून काय वाट बघत बसायचं? आणि रात्री दोनपर्यंत जागणं हा निव्वळ आळस नाही, त्या वयात झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, हेही मान्य. पण सकाळी उठवायला मी तिकडे नसणार. गेला आठवडाभर मी तिला उठवलेलं नाही. तीनदा क्लास बुडाला. चौथ्या दिवशी तिने फोन पलंगापासून लांब, टेबलावर ठेवला, म्हणजे गजर बंद करायला उठावंच लागतं. मला हे सुचलं नसतं. मी आपला दर पाच मिनिटांनी दारात जाऊन ओरडत राहिलो असतो.

खरी भीती दुसरीच आहे. पहिल्या काही आठवड्यांत कधीतरी रात्री फोन येणार, आणि ती रडत असणार. सगळ्यांचाच येतो. मी स्वतःला ओळखतो. ती 'हॅलो' म्हणायच्या आत माझी बॅग भरलेली असेल. रूममेट कशी आहे, तिच्याशी कोणी काय बोललं, तिचे सर काय म्हणाले, या सगळ्यावर माझ्याकडे तोडगे तयार असतील. आणि ती म्हणेल, बाबा, डावीकडे. मला ऐकूच येणार नाही, कारण मी उजवीकडचा इलाज सांगत असेन.

बायको म्हणते, फोन आला की एकच प्रश्न विचारायचा: फक्त ऐकू, की काही करू? मला पटलं नव्हतं, आता पटतंय. पण आठवडाभर जेवण नाही, झोप नाही, खोलीबाहेर पडणं नाही, किंवा जगण्यावरच बोलायला लागली, तर मी विचारत बसणार नाही, मिळेल त्या गाडीने जाणार. यात मला कुणी स्वावलंबन शिकवू नये.

असो. हे लिहितोय तेव्हा ती आतल्या खोलीत सोनोग्राफीची वेळ घ्यायला फोन करतेय. दार अर्धं उघडं आहे. आवाज सकाळच्यापेक्षा बारीक, पण शब्द स्पष्ट. "पोटाची. हो, डॉक्टरांची चिठ्ठी आहे. पेशंट मीच." थोडं थांबली. "उद्या साडेनऊ? चालेल." नाव सांगितलं, स्पेलिंग सांगितलं, थँक्यू म्हणाली, ठेवला.

उपाशीपोटी यायचं, की भरपूर पाणी पिऊन, हे विचारायचं राहिलं. पोटाच्या सोनोग्राफीला ते विचारावंच लागतं. मला माहीत आहे, आणि मी खुर्चीतून उठलेलो नाही. बायको दोनदा डोकावून गेली. हात नुसते शिवशिवतायत, म्हणून टाइप करत बसलोय. पोस्ट एवढी लांबली ती त्यामुळेच.