सां-मालोची सकाळ आणि 'चाचे' हा शब्द

सकाळी साडेसहाला सां-मालोच्या तटावर चढले, तेव्हा वर माझ्याशिवाय कुत्रं फिरवायला आलेले एक आजोबा आणि असंख्य कुरव पक्षी. नवरा हॉटेलात झोपलेला. पौर्णिमेचा आदला दिवस होता, त्यामुळे उधाण, आणि पाणी थेट तटाच्या पायथ्याशी धडका देत होतं. अलिबागच्या माणसाला जरा चुकल्यासारखं होतं. आमच्याकडे पौर्णिमेची भरती दुपारी बाराच्या आसपास, इथे सकाळच्या न्याहारीला. आणि केवढी! इथल्या उधाणात भरती-ओहोटीच्या पाण्यातला फरक बारा मीटरच्या वर जातो. आमचा पाच मीटरच्या आतच.

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर, ब्रिटनी प्रांतात हे गाव. गावाभोवती जेमतेम पावणेदोन किलोमीटरचा दगडी तट, आणि त्यावरून अख्खी फेरी मारता येते. तिकीट नाही, रांग नाही. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला लोकांच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या. एका खिडकीत बाई कॉफी पीत होती. मी 'बोंझूर' म्हटलं, तिने मान हलवली. लोक अजून राहतात इथे, हे मला फार आवडलं.

आत दिसणारी ती ग्रॅनाइटची उंच, करडी घरं जुनी वाटतात, पण बरीचशी माझ्या आईच्या वयाची आहेत. ऑगस्ट १९४४ मध्ये जर्मन फौजा इथे अडून बसल्या आणि अमेरिकन तोफा-बॉम्ब आणि आगीत तटाच्या आतलं सुमारे ऐंशी टक्के गाव गेलं. तट मात्र बहुतेक टिकला. मग लोकांनी गाव पुन्हा बांधलं, उंच छपरं आणि धुराड्यांसकट, जुन्या चेहऱ्याचं. 'म्हणजे नकलीच की' असं म्हणणारे भेटतात. मला नाही पटत. घर जळालेल्या माणसाने आपलं घर आठवणीतून पुन्हा उभं केलं, तर त्याला नकली म्हणायला आपण कोण?

असो. मला लिहायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल.

तटालगतच्या हिरवळीवर रोबेर सुर्कूफचा पुतळा आहे, १९०३ सालचा. हात लांब करून समुद्राकडे बोट दाखवतोय. इंग्लंडकडे, असं इथली माणसं मिश्कीलपणे सांगतात. सुर्कूफ याच गावचा, जन्म १७७३. धंदा एकच, इंग्रजांची जहाजं पकडायची, आणि तीही कुठे, तर आपल्या बंगालच्या उपसागरात. ऑक्टोबर १८०० मध्ये त्याने 'काँफियाँस' या छोट्या जहाजाने ईस्ट इंडिया कंपनीचं कितीतरी मोठं 'केंट' जहाज चढाई करून घेतलं. (मद्रास १७४६ मध्ये इंग्रजांकडून घेणारा ला बुर्दोने हाही इथलाच. या छोट्या गावाने आपल्या किनाऱ्यांना बराच त्रास दिलाय.)

फ्रेंचमध्ये अशा माणसाला 'कोर्सेर' म्हणतात. राजाचा किंवा सरकारचा परवाना घेऊन शत्रूची जहाजं लुटणारा. परवाना नसेल तर तो 'पिरात', म्हणजे चाचा. हा फरक इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक, गाव स्वतःला 'कोर्सेरांचं नगर' म्हणवतं. गंमत अशी की १७९६ मध्ये सुर्कूफने बंगालच्या उपसागरात जहाजं पकडली तेव्हा त्याच्याकडे परवानाच नव्हता! तेव्हा फ्रेंचांकडे असलेल्या मॉरिशस बेटावरच्या गव्हर्नरने लूट जप्त केली, तर हा पॅरिसला जाऊन भांडून भरपाई घेऊन आला. शिवाय गुलामांच्या व्यापारातही होता, तेही बंदी असताना. पुतळा तरी ताठ उभा आहे.

आणि मला आठवले आमचे कान्होजी.

कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. कोकणच्या पाण्यातून जायचं तर त्यांचा दस्तक घ्यायचा, नाही घेतलात तर जहाज जप्त. पोर्तुगीज त्याआधी जवळजवळ दोनशे वर्षं 'कार्ताझ' नावाने हेच करत होते, त्यांना कुणी चाचे म्हटलं नाही. इंग्रज १७१८ मध्ये खांदेरीवर चालून आले, १७२० मध्ये विजयदुर्गावर, १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन आमच्या कुलाब्यावर. तिन्ही वेळा हात हलवत परत गेले. मग कागदावर सूड घेतला, 'पायरेट आंग्रिया' म्हणून.

इंग्रजांचा राग समजू शकते. शत्रूने शिव्याच द्यायच्या, ओव्या थोड्याच गायच्या? माझं भांडण आपल्याशी आहे. आजही मराठीत, 'चाचेगिरी', 'समुद्री लुटारू' हे शब्द आंग्र्यांच्या नावाशेजारी येतात आणि आपल्याला खटकत नाहीत. परवाना नसताना लुटणाऱ्याला यांनी कोर्सेर केलं, आणि स्वतःच्या दरबाराची सनद असलेल्या सरखेलाचं वर्णन आपण शत्रूच्या वखारीतल्या शब्दांत करतो. कान्होजींना देव करा असं म्हणत नाहीये. त्यांनी व्यापारी जहाजं पकडली, माणसं कैदेत ठेवली, तेही लिहा. फक्त शब्द आपला वापरा. सरखेल हा चांगला, भारदस्त शब्द आहे की!

साडेदहाच्या सुमाराला पाणी उतरलं आणि ग्राँ-बे बेटाची वाट उघडी पडली. नवराही तोवर आला होता. ओल्या दगडांवरून, शेवाळ चुकवत चालत गेलो, अगदी कुलाब्याला जातो तसं, फक्त घोडागाडीवाले नाहीत. बेटावर शातोब्रियाँ या लेखकाची समाधी आहे, समुद्राकडे तोंड करून, तिच्यावर नावसुद्धा नाही. परतायची वेळ बघून निघा हं. पाणी चढलं की सहा-सात तास बेटावरच.

परत येताना गल्लीत कुइन-अमान घेतला, लोणी आणि साखरेचा इथला केक. एक खाल्ला की जेवण नको. शेजारच्या दुकानात कवट्यांचे टीशर्ट, कवट्यांचे मग, कवट्यांची निशाणं. एवढं सगळं मनात बोलून झाल्यावर मी भाच्यासाठी कवटीचंच निशाण घेतलं. तो ते अलिबागच्या गच्चीवर लावणार आणि बाबा संध्याकाळच्या आत उतरवायला लावणार.