‘जुन्या गव्हात ग्लुटेन नव्हते’ : घरोघरी फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

इंदूरच्या मराठी घरांतून, विशेषतः आम्हा बायकांच्या मोबाइलवरून, गेले काही महिने एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचा सारांश असा : ग्लुटेन हे हरितक्रांतीनंतरच्या गव्हाने आणलेले विष असून ते सर्वांनीच सोडावे, आपल्या जुन्या खपली आणि कठिया गव्हात ते नव्हते, मोड आणले, आंबवले किंवा खरपूस भाजले की ते नष्ट होते, शंका आल्यास आधी दोन महिने गहू बंद करून पाहावा, सणाला एखादा घास चालतो, आणि गव्हाशिवाय पाव किंवा केक करायचा तर महागडी परदेशी पिठे आणावी लागतात. माझ्या मुलीला सीलिॲक आजार, म्हणजे ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होणारा विकार, आहे आणि आठ वर्षांपासून तिचा सगळा स्वयंपाक मी ग्लुटेनशिवाय करते आहे. हा संदेश मला नातेवाइकांकडूनच, काळजीपोटी, पाच-सहा वेळा आला, म्हणून त्याचे सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

जुन्या गव्हाचा मुद्दा आधी घेते, कारण सर्वांत जास्त विश्वास त्याच्यावर बसतो. ग्लुटेन म्हणजे ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही गव्हाच्या दाण्यातच साठवलेली प्रथिने होत. जवात आणि राय या गव्हासारख्या परदेशी धान्यात त्यांचीच भावंडे असतात. आपल्या माळव्याचा कठिया गहू, ज्याचे बाफले, म्हणजे उकडून भाजलेले कणकेचे गोळे, आपण आवडीने खातो, तो ड्युरम जातीचा असून प्रथिनांनी संपन्न आहे, आणि खपली हा त्याच घराण्यातला. कोणालाही हे स्वतः पाहता येईल. मूठभर कणीक घट्ट मळून अर्धा तास ठेवावी आणि मग पाण्याच्या भांड्यात बोटांनी चोळत, पाणी बदलत, निवळ पाणी येईपर्यंत धुवावी. स्टार्च निघून जातो आणि हातात करडा, चिकट, रबरासारखा गोळा उरतो. खपलीचा गोळा कमी ताणला जातो आणि लवकर तुटतो, पण उरतो. ज्वारीचे पीठ असेच धुतले तर सगळेच पाण्यात वाहून जाते. म्हणूनच तर भाकरीला गरम पाणी लागते आणि पोळीला लागत नाही.

हरितक्रांतीचा इतिहासही या दाव्याला पाठिंबा देत नाही. मेक्सिकोहून बुटक्या गव्हाचे 18,000 टन बियाणे भारतात आले ते 1966 साली, तर लंडनच्या सॅम्युअल गी या डॉक्टरांनी मुलांमधल्या सीलिॲक आजाराचे वर्णन केले ते 1888 साली, म्हणजे युरोपातही लोक उंच ताटांचा जुना गहू खात होते तेव्हा. गव्हाशी असलेला त्याचा संबंध विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी दाखवला. दुसऱ्या महायुद्धात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला तेव्हा ही मुले सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. त्यांचा प्रबंध 1950 साली प्रसिद्ध झाला. बुटक्या गव्हातली नवी जनुके ताटाची उंची कमी करतात. ग्लुटेन त्यांनी आणलेले नाही.

मोड आणण्याने किंवा आंबवण्याने ग्लुटेनचा काही भाग तुटतो, परंतु घरच्या रीतीने ते सुरक्षित पातळीपर्यंत उतरत नाही. भाजण्या-तळण्याने तर ते मुळीच जात नाही; ज्या तेलात कचोरी तळली त्याच तेलात तळलेला गराडू हा इथला कंदही म्हणूनच माझ्या मुलीला चालत नाही.

‘आधी गहू बंद करून पाहा’ हा सल्ला मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण तो मी पाळला आहे. मुलीचे पोट फुगत असे, उंची खुंटली होती, लोहाचे औषध देऊनही रक्त वाढत नव्हते. कोणीतरी सांगितले म्हणून मी गहू थांबवला, तिला बरे वाटू लागले, आणि दोन महिन्यांनी तपासणी केली तर ती सामान्य आली. सीलिॲकच्या रक्ततपासणीत गव्हाला प्रतिसाद म्हणून शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे मोजतात आणि दुर्बिणीने लहान आतड्याचा तुकडा घेऊन त्याच्या अंकुरांची, म्हणजे आतल्या अस्तरावरच्या बोटांसारख्या सूक्ष्म उंचवट्यांची, झीज पाहतात. गहूच पोटात जात नसेल तर दोन्ही खुणा पुसट होतात. निदानासाठी तिला पुन्हा कित्येक आठवडे रोज पोळी खाऊ घालावी लागली. पोट धरून बसलेल्या मुलीपुढे पोळी ठेवताना आईला काय वाटते ते मी इथे लिहीत नाही. गव्हाची शंका असेल तर पोळी चालू असतानाच पोटविकारतज्ज्ञांकडे जावे, आणि घरात एकाला आजार निघाला तर आईवडील व भावंडांचीही तपासणी करावी, कारण प्रवृत्ती रक्ताच्या नात्यातून येते. उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो, आणि पुष्कळांना तो माहीतही नसतो.

उरलेल्या लोकांना गहू विष नाही. ज्याला सीलिॲक, गव्हाची ॲलर्जी किंवा तपासून ठरलेला अन्य त्रास नाही, त्याने पोळी सोडून ग्लुटेनमुक्त बिस्किटे खाल्ली तर त्याच्या पोटात बहुधा स्टार्च आणि साखरच जास्त जाते.

आता सणाचा घास. तीस ग्रॅम कणकेच्या पोळीत सुमारे अडीच ते तीन ग्रॅम ग्लुटेन असते, आणि सीलिॲक असलेल्यांना रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिले तरी आतड्याला इजा दिसते, असे मोजून पाहिलेले आहे. हा पोळीचा पन्नासावा-साठावा भाग झाला. भारतात ‘ग्लुटेनमुक्त’ लिहिण्यासाठी किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा याच कारणाने आहे. बांधणीच्या, म्हणजे पीठ मिसळून केलेल्या, हिंगात मैदा असू शकतो, तेव्हा डबीवरचे घटक वाचावेत. थालीपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी गहू असतो, तो वगळावा. उकडीचे मोदक, अनारसे, तांदूळ-डाळींची चकली मूळचीच निर्धोक आहेत, आणि उपासाचा डबा, म्हणजे राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा आणि इथे जिला मोरधन म्हणतात ती भगर, हा तर या मुलांसाठी वर्षभराचा आधार आहे. प्रसादाचा शिरा मात्र रव्याचा असतो. अशा मुलांना राजगिऱ्याची वडी वेगळी द्यावी. ‘एवढ्याने काय होते’ असे म्हणून शिरा हातावर ठेवू नये.

परदेशी पिठांविषयीचा दावा खोटा असल्याचे मी दर रविवारी पाहते. ग्लुटेनच्या जाळ्याचे काम इसबगोलाची भुसी करते, आणि ती पिकते आपल्याच नीमच-मंदसौरकडे. माझे प्रमाण असे : ज्वारीचे पीठ 150 ग्रॅम, तांदळाचे 75, कॉर्नफ्लोअर 75, इसबगोल 18 ग्रॅम, पाणी 320 मिलिलिटर, यीस्ट आणि मीठ पाच-पाच ग्रॅम, थोडी साखर आणि तेल. इसबगोल आधी दहा मिनिटे पाण्यात फुलवून त्याची खळ होऊ द्यावी. पीठ कणकेसारखे होत नाही, दाट इडलीच्या पिठासारखे राहते, आणि इथेच बायका घाबरून सुके पीठ वाढवतात. मग पाव दगड होतो. मिश्रण सरळ डब्यात घालून तासाभर फुगवावे, 200 अंशांवर पन्नास-पंचावन्न मिनिटे भाजावे आणि पूर्ण गार होईपर्यंत सुरी लावू नये, कारण गरम पावाचा गाभा चिकट असतो. केकचे मिश्रण अर्धा तास झाकून ठेवले की ज्वारीची कचकच जाते.

खरी जपणूक पिठात आहे. चक्कीच्या दगडांत आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू अडकलेला असतो आणि आपली पहिली दोन किलो ज्वारी तो झाडून घेऊन येते. त्यामुळे धान्य निवडून, धुऊन, वाळवून, गहू कधीही न घातलेल्या घरघंटीवरच मी ते दळते, आणि मुलीची चाळणी, पोळपाट-लाटणे व तवा वेगळे ठेवते.