आपण सगळे क्लाउडचे मुंडकार

दिवाळी झाली, पाऊस एकदाचा गेला आणि आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळी-केळींच्या बागेत, परत शिंपणं सुरू झालं. विहिरीवरच्या पंपाचा आवाज ऐकला आणि आठवलं, एप्रिलपासून एक गोष्ट लिहायची राहिलीय. लांबण लागणार आहे, वेळ असेल तरच वाचा.

आधी कबुली. मी गॅजेटवेडा माणूस. पर्रीकर सरकारच्या सायबर एज योजनेतला कॉम्प्युटर घरी आला तेव्हा मी अकरावीत होतो. आईने त्यावर क्रोशाचं कव्हर घातलं होतं आणि ते काढायचं तर आधी हात धुवावे लागत. तेव्हापासून जे लागलं ते सुटलेलं नाही. आमच्या कपाटाच्या एका खणात नुसते चार्जर आहेत, त्यातल्या निम्म्यांची यंत्रं केव्हाच भंगारात गेली.

तर पंप. घर सावईवेऱ्याच्या बाजूला, मी नोकरीसाठी पणजीत. स्टार्टर विहिरीजवळच्या खोपीत असतो. पत्र्याची पेटी, एक हिरवं बटण, एक लाल. हिरवं दाबलं की आत खट्ट होतं, मग पंप घरघरतो आणि थोड्या वेळाने पाटात पाणी पडल्याचा आवाज येतो. तो आवाज कानावर येईपर्यंत बाबा खोपीतून हलत नाहीत. यंत्राने आपलं ऐकलं की नाही हे माणसाला लगेच कळावं, यावर इंटरफेसवाल्यांनी जाडजूड पुस्तकं लिहिली आहेत. त्या पेटीने ते एका खट्टमध्ये उरकलंय.

हे सगळं कळूनसुद्धा मी त्या पेटीला वायफायचा एक स्मार्ट कंट्रोलर जोडला. पणजीत बसून मोबाइलवर बोट लावायचं, सावईवेऱ्यात पंप चालू. पहिले सहा महिने मी ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होतो. गंमत अशी की आमच्या पडवीपासून खोप वीस पावलांवर, पण पडवीत बसून बटण दाबलं तरी हुकूम आधी घराबाहेर पडायचा, परदेशातल्या कुठल्याशा सर्व्हरला विचारून परत यायचा आणि मग पंप चालू व्हायचा. शेजाऱ्याकडे विळी मागायला व्हाया लिस्बन जाण्यासारखं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी मी पणजीतून पंप चालू केला. तासाभराने बंद करायला गेलो तर स्क्रीनवर नुसतं चाक फिरतंय. परत उघडलं, परत चाक. बाबा देवळात भजनाला, फोन घरी. आई शेजारी. कंपनीने सेवा बंद करत असल्याचा मेल आधीच पाठवला होता, तो माझ्या स्पॅममध्ये पडून होता. विहीर तळाला गेली, पंप कोरडा फिरत राहिला, मोटर जळली. एप्रिलात रिवाइंडिंगवाल्याकडे रांग असते. चार दिवस पाट कोरडा आणि केळींनी माना टाकलेल्या. बाबा रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. रोज संध्याकाळी फोनवर एवढंच विचारायचे, "तुजें मशीन आज कितें म्हणटा?"

गोव्यातल्या माणसाला क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून वापरायचा दुसऱ्याचा कॉम्प्युटर, समजावून सांगायला ढग कशाला हवा? आपल्याकडे भाटकार-मुंडकार आहे की! भाट म्हणजे बागायती जमीन, ती भाटकाराची, त्यात घर बांधून राहतो तो मुंडकार. चूल त्याची, तुळस त्याची, पिढ्या त्याच्या, पायाखालची जमीन मात्र दुसऱ्याची. माझा कंट्रोलर मी रोख पैसे देऊन घेतला, बिल आहे, पण तो ज्या जमिनीवर उभा होता ती माझी नव्हती. फोटो, मेल, आवडीची गाणी, मुलीची शाळेतली चित्रं, सगळी घरं आपण दुसऱ्याच्या भाटात बांधून बसलोय. आणि मुंडकाराला निदान 1975 चा कायदा आहे. त्याला असंतसं उठवता येत नाही, राहतं घर विकत घ्यायचा हक्क आहे. आपल्याला काय आहे? न वाचता 'मान्य' म्हटलेलं चाळीस पानी करारपत्र. गूगल फोटोजवर 2015 पासून हवे तेवढे फोटो फुकट ठेवता येत होते, 1 जून 2021 पासून नवे फोटो 15 जीबीच्या फुकट जागेच्या हिशेबात धरले जाऊ लागले. भाटकाराने भाडं लावलं. त्यात बेकायदा काहीच नाही, भाट त्याचंच होतं.

2025 च्या दिवाळीतली 20 ऑक्टोबर आठवते? पहाटे नरकासुर जाळून, पाच प्रकारचे फोव (पोहे) खाऊन आपण दुपारी आडवे झालो होतो, तेव्हा अमेरिकेत व्हर्जिनियातल्या अ‍ॅमेझॉनच्या डेटा सेंटरांत घोळ झाला. एका डेटाबेस सेवेचा पत्ता सांगणारी डीएनएसमधली, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीतली, नोंदच कोरी झाली. यंत्रं जाग्यावर, वीज चालू, फक्त कोण कुठे राहतो ते कुणाला सांगता येईना. स्नॅपचॅट बंद, घरांच्या दारावरचे कॅमेरे बंद, आणि अमेरिकेत काही लोकांच्या स्मार्ट गाद्या अडकून बसल्या. गादी! झोपायला सर्व्हर लागतो हे वाचून मी हसलो, मग पंप आठवला आणि गप्प झालो.

पण क्लाउड वाईट असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. माझं पोट त्यावरच चालतं. 2006 साली अ‍ॅमेझॉनने साठवणूक आणि सर्व्हर भाड्याने द्यायला सुरुवात केली नसती, तर पाटो प्लाझावरच्या चार माणसांच्या आमच्या ऑफिसने मोठ्या कंपन्यांची कामं घेतलीच नसती. पूर्वी एक सर्व्हर मागवायचा तर कोटेशन, मंजुरी, एसीची खोली. आता मुंबईतला सर्व्हर चहा निवायच्या आत मिळतो. भाड्याने राहणं चुकीचं नाही. प्रश्न एवढाच, की देवघर भाड्याच्या जागेत ठेवायचं का?

आता थोडं टचस्क्रीनबद्दल, कारण त्यावर माझा वेगळा राग आहे. गोव्यात चार महिने हात ओले असतात. बोट टेकलं की काचेवरचं विद्युतक्षेत्र बदलतं, त्यावरून फोनला स्पर्श कळतो, आणि पावसाचा थेंबही तेच क्षेत्र बदलतो. बिचाऱ्या फोनला थेंब कुठला, बोट कुठलं ते उमगत नाही. भर जुलैत छत्री मानेत धरून ओटीपी टाकणाऱ्या माणसाचे हाल ज्याने पाहिले नाहीत, त्याने गाडीतली बटणं काढून तिथे काच बसवू नये. आवाजाने चालणारी यंत्रं त्या मानाने बरी. बाबा घरात कोकणी बोलतात, पण फोनपुढे मराठीवर येतात आणि थेट आकाशवाणीच्या बातम्यांचा सूर लावतात: "कृपया उद्याच्या हवामानाची माहिती द्यावी." फोन देतोही.

मोटर परत आली तेव्हा मी जुन्या लॅपटॉपचाच सर्व्हर केला. खोपीत ईएसपी32 नावाच्या वायफायवाल्या चिपची एक पाटी, विहिरीत पाण्याची पातळी बघणारा फ्लोट, आणि पाटी-लॅपटॉपमध्ये एमक्यूटीटी या यंत्रांच्या भाषेत बोलणी. हा प्रोटोकॉल 1999 साली आयबीएमच्या अँडी स्टॅनफर्ड-क्लार्कने आर्लेन निपरसोबत तेलाच्या पाइपलाइनींवर उपग्रहामार्फत नजर ठेवण्यासाठी बनवला. दुबळ्या लिंकवर चालेल असा हलका. तेलाला चालतं ते आमच्या पाटाला का चालणार नाही? आता इंटरनेट गेलं तरी घरातल्या घरात सगळं चालतं, पणजीतून एसेमेस करतो. पाणी खाली गेलं की फ्लोट स्वतःच पंप तोडतो. त्याच्या वाटेत लॅपटॉपही नाही, मीही नाही. हा फ्लोट पहिल्या दिवशीच लावायला हवा होता, पण त्याला अ‍ॅप नव्हतं ना, म्हणून माझं लक्षच गेलं नाही.

लाल-हिरवी बटणं बाबांनी काढू दिली नाहीत. परवा गेलो तेव्हा मी पडवीतून मोबाइलवर पंप चालू केला, तर ते तरीही खोपीकडे निघाले. म्हटलं, बाबा, चालू झालाय. म्हणाले, माहीत आहे, आवाज ऐकून येतो.

बाकी, कॅमेरा आणि एआयवाला तो नवा चष्मा मी मागवलाय. हो, त्यालाही क्लाउड लागतो. बुधवारी येईल. घरी अजून सांगितलेलं नाही, त्यामुळे कमेंटमध्ये कुणी आईला टॅग करू नका.