एलव्हीएम दुप्पट वेगवान? धुळ्याहून आलेल्या आक्षेपाला उत्तर

भाऊ, तुमचा आक्षेप असा: लिनक्स लॅपटॉपच्या दोन एसएसडींवर रेड १ (दोन्ही डिस्कवर तीच माहिती) आधी एमडीॲडम या रेड बांधणाऱ्या टूलने बांधलं, मग एलव्हीएम या डिस्कची जागा वाटणाऱ्या टूलने, डीडी या कॉपी करणाऱ्या कमांडने १ जीबीची फाइल लिहिली आणि एलव्हीएमचा वेग दुप्पट आला. म्हणून ‘दोन्हींच्या वेगात फरक नाही’ हे माझं म्हणणं खोटं.

म्हणणं मी मागे घेत नाही. एलव्हीएमचं रेड १ डीएम-रेड या दुव्यामार्फत कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) एमडीचाच, म्हणजे एमडीॲडम वापरतं तोच, कोड चालवतं. मग दुप्पट कुठून आलं? तुम्हीच लिहिलंय: एमडीॲडमला ५०० जीबीचं अख्खं पार्टिशन दिलं, एलव्हीएममध्ये २० जीबीचा व्हॉल्यूम (जागेचा तुकडा) काढला. नवं रेड १ बांधलं की लगेच रीसिंक (एका डिस्कची माहिती दुसरीवर उतरवणं) सुरू होतो आणि त्याची मुळातली कमाल मर्यादा सेकंदाला साधारण २०० एमबी असते. २० जीबी दोन मिनिटांच्या आत उरकतात. ५०० जीबीला चाळीस मिनिटं तरी लागतात. तुमची एमडीची चाचणी बहुतेक त्या रीसिंकमध्येच झाली. आधी प्रॉक फोल्डरमधल्या एमडीस्टॅट फाइलमध्ये रीसिंक संपला का ते बघा, एलव्हीएमसाठी ‘एलव्हीएस -ए’ कमांडमध्ये टक्केवारी १०० झाली का ते बघा, मगच मोजा.

त्यात डीडी. डायरेक्टचा (रॅम टाळून थेट डिस्कवर लिहिण्याचा) पर्याय न देता १ जीबी लिहिली की बराचसा रॅमचाच वेग दिसतो. एफआयओ हे वेग मोजायचं टूल वापरा: डायरेक्ट १, ब्लॉक ४ केबी, रँडम रीड, आयओडेप्थ (डिस्ककडे एकाच वेळी पाठवलेल्या मागण्या) ३२, जॉब (एकाच वेळी चालणाऱ्या प्रोसेस) ४, वेळ ६० सेकंद. इंजिन लिबएआयओ द्यायला विसरू नका, नाहीतर ३२ चा आकडा नुसता शोभेला राहतो. जॉब चार का, तर एकच प्रोसेस सलग वाचत असेल तर रेड १ सहसा एकाच डिस्कवरून वाचतं. बीटीआरएफएस या फाइल सिस्टीमचं स्वतःचं रेड १ ही वाचायची डिस्क प्रोसेसच्या क्रमांकावरून निवडतं.

डीव्हीडीच्या जागी कॅडीत (डिस्क बसवायच्या चौकटीत) बसवलेली दुसरी डिस्क तपासा. जुन्या लॅपटॉपात तो पोर्ट कधीकधी ३ गिगाबिटचाच निघतो. डीमेसगमध्ये (कर्नलच्या नोंदी दाखवणाऱ्या कमांडमध्ये) ‘साटा लिंक अप’ची ओळ शोधा. तसं असेल तर लिहिण्याचा वेग त्याच डिस्कवर अडणार, टूल कोणतंही असो. एमडीॲडममध्ये तिला ‘राइट-मोस्टली’ (शक्यतो फक्त लिहिण्यासाठी) करा, वाचन तरी वेगवान डिस्कवरून होईल.

आणि मे महिन्यात एक चाचणी सकाळी, दुसरी भर दुपारी घेऊ नका. जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ ला गेला की तापलेली डिस्क स्वतःच वेग कमी करते. स्मार्टसीटीएल या डिस्कची तब्येत सांगणाऱ्या कमांडने दोन्ही वेळचं तापमान नोंदवा.

एलव्हीएम घ्याच, पण वेगासाठी नको. फक्त होमचं (तुमच्या फायलींच्या फोल्डरचं) मिररिंग करायचं आणि बाकी जागा मोकळी ठेवायची असेल तर ते सोयीचं.